रेडिएटरमधली हळद

आमच्या घरमालकीणकाकींचा गावदेवीवर विश्वास होताच, पण देवीला काम सांगताना त्या जरा वार-वेळ बघायच्या. हळदीला सांगताना तसं काही बघायच्या नाहीत. बोट कापलं, हळद. घसा बसला, हळद. मुंग्यांची रांग लागली, रांगेवर हळद. एकदा माझ्या खोलीतली मोरी तुंबली तेव्हा प्लंबर येईपर्यंत त्यांनी तिथेही चिमूटभर टाकली, आणि काम झाल्यावर माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की निम्मं श्रेय कोणाचं ते मी न सांगता ओळखावं. त्यामुळे गाडीच्या रेडिएटरमध्ये त्यांनी मूठभर हळद टाकली हे कळलं तेव्हा मला आश्चर्य वाटायला नको होतं. पण मला राग आला. कारण गळती हा माझा प्रांत होता.

मी मूळची चिपळूणची. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागलेले. तिथे गाड्यांचे रबरी पाइप बनायचे आणि ते गळतात का हे बघणं माझं काम. पाइपात हवा भरायची, पाण्यात बुडवायचा आणि बुडबुडा कुठून येतो त्यावर डोळा ठेवायचा. पोरगी बुडबुडे मोजायचा पगार घेते, असं माझे बाबा चिपळूणभर सांगत फिरायचे. कंपनीची बस डोंबिवलीहून सुटायची म्हणून मी पूर्वेला, शिळफाट्याच्या रस्त्यालगत खोली शोधत होते. तिथे टॉवरांच्या मधोमध एक जुनं गाव अजून गाव म्हणून उभं आहे. काकी तिथल्याच. जिथे त्यांच्या सासऱ्यांनी भात लावला तिथे आता त्यांची चार मजली इमारत होती, आणि आम्ही सगळे भाडेकरू त्या भाताच्या जागी राहायचो.

खोली बघायला गेले तेव्हा काकींनी ना कागदपत्रं मागितली, ना लग्नाचं विचारलं. म्हणाल्या, "गारी चालवता येते?"

त्यांच्या बोलीत ड-ढचा र व्हायचा. मी म्हटलं, गाडी नाही चालवता येत.

"मंग डिप्लोमा कसला केलास गो, मोटारीचा चित्र काराचा?"

त्या स्वतः चालवायच्या. पन्नाशी उलटलेली, अंगानं भरलेली बाई, सुती साडीचा पदर खोचलेला आणि पाय अनवाणी. गाडीत बसताना चपला काढून शेजारच्या सीटवर ठेवायच्या. तिथे कोणाला बसायचं असेल तर त्यानं त्या चपला मांडीवर घ्यायच्या, असा नियम. मी खूपदा घेतल्यात. "चप्पल मधी आली का गारी काय बोलते ता पायाला कलत नाय," असं त्यांचं म्हणणं. हॉर्न वाजवणं त्यांना असभ्य वाटायचं. काच खाली करून त्या सरळ "सरा" म्हणायच्या, आणि लोक सरायचे. बसवालेसुद्धा सरायचे.

गाडी त्यांच्या नवऱ्यानं घेतलेली. पांढरी, जुनी, आठ माणसं बसतील अशी, एसी नसलेली. तो गेल्यावर दिरांनी गाडी विकायचं ठरवलं, तर काकींनी चावी कमरेला खोचली आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. लायसन मिळेपर्यंत चावी कमरेलाच होती.

आणि गावाला त्यांनी एक गोष्ट जाहीर करून टाकली. या गावातली कुठलीही मुलगी सासरी जाईल ती या गाडीतून, आणि गाडी चालवतील त्या स्वतः. डिझेल त्यांचं, हार त्यांचा. नाही म्हणायची सोय नव्हती. श्रीमंताची असो, भाड्यानं राहणाऱ्याची असो, वरातीच्या सकाळी काकींची गाडी धुऊन-पुसून मांडवापुढे उभी.

यामागचं कारण त्या हसत सांगायच्या. त्यांच्या स्वतःच्या लग्नात ठरलेली गाडी आलीच नाही. मग मंडपवाल्याचा टेम्पो भाड्याची भांडी घेऊन त्याच वाटेनं परत चाललेला, त्यात नवरीला चढवलं. "भाताच्या टोपावर बसून आली मी सासरला. टोप गरम होता अजून." हे सांगताना त्या इतक्या हसायच्या की ऐकणाराही हसायचा. मी पहिल्यांदा हसले, नंतर कधी हसू आलं नाही.

दुसरं कारण त्या सांगायच्या नाहीत, ते मला तिथे राहून हळूहळू कळलं. त्या बाजूला लग्नातली हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा. रात्रभर बेंजोचा वाद्यताफा, सगळं गाव पिवळं. सगळ्या बायका नवरीला हळद लावतात. काकी विधवा, म्हणून त्यांना कोणी ते करू देत नसे. तोंडावर कोणी अडवत नसे, फक्त त्यांच्यापर्यंत वाटी पोचायची नाही. त्या मागे खुर्ची टाकून बसायच्या आणि जेवणावळीवर देखरेख करायच्या. सबंध वर्ष घरात, मोरीत, मुंग्यांवर हळद टाकणाऱ्या बाईला नेमकी तीच हळद वर्ज्य. मला हे भयंकर वाटायचं आणि मी एकदा तसं बोललेही. "तुना काय करायचाय," म्हणाल्या, "मना गारी हाय ना."

तर त्या गाडीला गळती लागली.

विचित्र गळती होती. एरवी काकी बाजारात जायच्या, कल्याणला नातेवाइकांकडे जायच्या, काही नाही. गाडी उभी असते त्या पत्र्याच्या शेडमध्ये खाली एक थेंब नाही. पण वरात झाली की रेडिएटरच्या पाण्याचा डबा रिकामा. विठ्ठलवाडीच्या एका मेकॅनिकनं थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्यानं पाण्याचा पंप बदलला. पुढच्या वरातीला पुन्हा तेच. तेव्हा कोणा ट्रकवाल्यानं सांगितलं की हळद टाका, भोक बुजतं. हळदीचं नाव निघाल्यावर काकींना आणखी पुरावा लागत नव्हता.

त्यानंतरच्या लग्नात, देवळाच्या वळणावर, बेंजोच्या ऐन भरात गाडी उकळली. बॉनेटमधून वाफेचा लोट आला, त्यातून पिवळं पाणी उडालं, हारातली झेंडूची फुलं अक्षरशः शिजली. नवरीला उतरवून रिक्षात बसवावं लागलं. शालू, मुंडावळ्या आणि रिक्षाचा मीटर. काकी गाडीपाशी एकट्या उभ्या राहिल्या. टेम्पोतून आलेल्या बाईनं आपल्या हातानं एका मुलीला रिक्षात बसवलं होतं, आणि ते त्यांना किती लागलं असेल हे तिथे फक्त मला कळत होतं असं मला वाटलं.

मग कुजबुज सुरू झाली. एरवी गाडी बरी चालते आणि नेमकी नवरी बसली की उकळते, याचा अर्थ काय? अर्थ सोपा होता. चालवणारा हातच तसला. हे सगळ्यात स्पष्ट बोलली ती समोरच्या घरातली बाई, कारण पुढचं लग्न तिच्याच मुलीचं होतं. मुलगी खडवलीला द्यायची होती, लांबचा पल्ला. "वैनीचा मन मोठा हाय," ती नळावर म्हणाली, "पन माझी एकच पोर हाय." काकींचा पुतण्या तर वाटच बघत होता. ठाण्याहून सनरूफवाली गाडी आणतो, नवरी वर उभी राहून हात हलवेल, असं त्यानं परस्पर सांगूनही टाकलं.

मोरी तुंबल्याशिवाय काकी भाडेकरूंच्या खोल्यांत पाय ठेवायच्या नाहीत. त्या दिवशी आल्या, माझ्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझा डिप्लोमा कार बाहेर. गारी परत उकलली तं चावी पुतन्याला. मी सांगून आली तसा."

"कोणाला सांगितलंत?"

"सगल्यांना."

हळदीचं मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "काकी, रेडिएटर म्हणजे काय आमटी आहे?" त्या म्हणाल्या, "मंग तू बग ना." एवढंच. भांडायला बाई तयार नसली की रागाचं काही करता येत नाही.

मला एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती. गळती शकुन बघून होत नाही. फक्त वरातीत गळते तर वरातीत गाडीचं काय वेगळं होतं, एवढाच प्रश्न होता. बाजारात जाताना गाडी थोडा वेळ चालते, वारा लागतो. वरातीत ती नाचणाऱ्यांच्या मागे पावलापावलानं सरकते, दोन-दोन तास. इंजिन तापतं, आतल्या पाण्याचा दाब चढतो आणि बारीक भोक असेल तर ते तेव्हाच तोंड उघडतं. बाहेर येणारं पाणी गरम रेडिएटरवर वाफ होऊन उडून जातं, मग जमिनीवर थेंब कुठून दिसणार?

रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, मी कारखान्यातून मागून आणलेला हातपंप रेडिएटरच्या तोंडाला लावला. सायकलच्या पंपासारखा असतो, वर दाबाचा काटा. हवा भरली आणि काट्याकडे बघत बसले. काटा खाली यायला लागला, हळूहळू, पण यायला लागला. म्हणजे गळती होती आणि ती आत्ता, माझ्यासमोर चालू होती. पाइप कोरडे. पंप कोरडा. मी पुढची जाळी काढली, टॉर्च मारला आणि रेडिएटरच्या वरच्या भागात मला पिवळे ठिपके दिसले. हळदीनं भोकं बुजवली नव्हती, पण जिथून पाणी आलं तिथे ती सुकून बसली होती. काकींना मी हे सांगितल्यावर त्यांनी मान अशी हलवली की त्यांनी हळद टाकली ती याचसाठी.

पण ठिपके एका ओळीत होते. रस्त्यावरचा खडा उडून लागला तर एखादी खोक पडते, पत्रा वाकतो. इथे दाभण टोचल्यासारखी बारीक भोकं, आणि ओळीनं. दाभण घेऊन रेडिएटरपाशी कोण जाणार? मी बराच वेळ तिथे उकिडवी बसून होते. मग माझी नजर शेडच्या कोपऱ्यातल्या गोणीवर गेली. इमारत बांधली तेव्हाची सळया बांधायची तार त्यात उरली होती.

"काकी, हार कसा बांधता? दाखवा ना एकदा."

त्या खूश झाल्या. त्यांचा हार ही त्यांच्या अभिमानाची गोष्ट. पूर्वी दोऱ्यानं बांधायच्या, पण एकदा भर वरातीत दोरा तुटून हार चाकाखाली आला. तेव्हापासून तार. त्यांनी स्टूल ओढलं, पकड घेतली, तारेचा तुकडा कापला आणि जाळी परत लावायला लावून तार तिच्यातून आत खुपसली, जोर लावून, कारण हार पडता कामा नये. मी कान जवळ नेला. आत टक असा आवाज झाला.

मी टॉर्च जाळीतून आत मारला.

"काय झाला?"

"तार आतपर्यंत जाते, काकी. रेडिएटरला लागते."

काकींनी तार बाहेर काढली. पुन्हा आत घातली, या वेळी हळू. टक.

"म्हंजे माझ्याच हातानं."

"तारेनं," मी म्हटलं.

"तार काय आपली आपली चालते?"

मला वाईट वाटत होतं. काकींच्या हातात दोष नाही हे सिद्ध करायला मी बसले होते, आणि निघालं ते हे. बायका काय म्हणतील ते मला ऐकू येत होतं. मी म्हटलं, "कोणाला सांगायची गरज नाही. खडा लागला म्हणू. डाख लावून घेऊ, पुढच्या वेळी दोऱ्यानं बांधा, विषय संपला."

काकींनी माझ्याकडे बघितलं, लहान मुलाकडे बघतात तसं. "खडा सांगितला तं त्या बोलतील, खडा पन हिलाच कसा लागला. तार सांगितली तं काय बोलतील? तार दिसते."

डिप्लोमात हे शिकवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आले तर अंगणात बाजल्यावर रेडिएटर ठेवलेला. त्यांनी तो मेकॅनिककडून उतरवून घेतला होता आणि दुरुस्तीला पाठवण्याआधी प्रदर्शन मांडलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला हाक मारायची, भोक दाखवायचं, त्यात तार घालून दाखवायची. "यो बग. मी केला. या हातानं केला. तारेनं केला." एका बाईनं विचारलं, मग उकळली ती यानंच? "यानंच. देवीनं नाय, भुतानं नाय. मी हार घट्ट बांधला, म्हनून." चूक कबूल करताना माणसं आवाज खाली आणतात. काकींचा आवाज तिसऱ्या मजल्यावर येत होता. एखादी जमीन जिंकून आल्यासारख्या त्या बोलत होत्या, आणि मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला आदरच म्हणतात.

समोरची बाई सगळ्यात शेवटी आली. वाकून बघितलं. "एवऱ्याशा भोकानं?"

"एवऱ्याशाच."

ती घरी गेली. सनरूफवाली गाडी काही तिनं रद्द केली नाही. पुतण्या म्हणाला, मागे उभी राहील, लागली तर असावी. काकी म्हणाल्या, राहू दे.

कल्याणच्या रेडिएटरवाल्यानं भोकांना डाख लावला आणि माझ्यासमोर रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून हवा भरली. मी सवयीनं वाट बघितली. एकही बुडबुडा आला नाही. गाडीत बसवण्याआधी इंजिनातलं सगळं जुनं पाणी आम्ही धुऊन काढलं, तेव्हा गल्लीच्या गटारातून इतका वेळ पिवळं पाणी वाहत होतं की लोकांनी कोणाची हळद म्हणून विचारलं. मग नवीन कूलंट भरलं. काकींनी डब्याला हात लावला तशी मी म्हटलं, "हळदीचा हात धुवा आधी." त्या हसल्या, पण धुतला.

लग्नाच्या दिवशी हार सुती दोऱ्यानं आरशांना आणि बॉनेटच्या कडेला बांधला. पुढची जाळी मोकळी. जरा ओकीबोकी दिसत होती गाडी, खरं सांगायचं तर. मागे पुतण्याची चकचकीत काळी गाडी. नवरा-नवरी मागच्या सीटवर, मी पुढे, मांडीवर चपला. "तू काटा बग," काकी म्हणाल्या, "मना रस्ता बगायचाय." बेंजो सुरू झाला आणि आम्ही पावलापावलानं निघालो. नाचणारे हटत नव्हते आणि काकी त्या दिवशी एकदाही "सरा" म्हणाल्या नाहीत. जितका वेळ नाचाल तितकं नाचा, असं त्यांचं चाललं होतं. माझे डोळे काट्यावरून हलले नाहीत. देवळाचं वळण आलं तरी काटा मधोमध, जागच्या जागी.

नवरा-नवरी देवीच्या पाया पडायला उतरली. आता पुढे खडवलीचा रस्ता. मी म्हटलं, तेवढा वेळ इंजिन बंद करूया. काकी म्हणाल्या, "चालू राहू दे. बगतात सगली."

खरंच बघत होती. वाफेची वाट बघत सगळं गाव उभं होतं. नवरीची आई पाठवणीचं ताट घेऊन पुढे आली. तिनं बॉनेटला कुंकू लावलं, मग वाकली आणि जाळीच्या खालून हात घातला. हात बाहेर काढून बघितला. कोरडा होता. तोच हात पदराला न पुसता ती काकींच्या खिडकीपाशी आली. बोटावर कुंकू होतं. तिचं बोट काकींच्या कपाळाच्या दिशेनं उचललं गेलं आणि काकींनी मान मागे घेतली, रागानं नाही, अगदी सहज.

"ता राहू दे गो," त्या म्हणाल्या. "पोरीला बसव. गारी चालू हाय."

त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं, आणि माझ्याही आलं. मग तिनं मुलीला दंडाला धरून आणलं, आत बसवलं, शालूचा घोळ सावरला आणि दार स्वतःच्या हातानं लावलं. मागच्या काळ्या गाडीतून पुतण्यानं हॉर्न दिला. तिनं वळून त्याच्याकडे बघितलं.

"तू कनाला थांबलायस रं?" ती म्हणाली. "जा, गारी परत देऊन ये."

काकींनी पहिला गिअर टाकला.